पन्नास की पस्तीस

शिवानी मॅडम लग्न होऊन नाशिकला निघाल्या आणि जाताना त्यांनी आपला कॅमेरा मला विकला. आमच्या भोरच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या, मी गणित शिकवतो. चित्रकलेचा कॅमेरा गणिताकडे कसा गेला यावर स्टाफरूममध्ये बरीच चर्चा झाली. दुसरं कुणी तो घ्यायला तयारच नव्हतं, हा मुद्दा त्या चर्चेत कुणी काढला नाही, म्हणून मीही काढला नाही.

कॅमेरा मिररलेस होता. मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला. हे मी घरी मोठ्या उत्साहानं सांगितलं, तर माझी बायको रत्ना म्हणाली, एक भाग कमी आहे तर किंमत कमी करून घेतली का. मी तिला समजावलं की आरसा काढून टाकल्यामुळेच तर हा कॅमेरा लहान, हलका आणि आधुनिक झाला आहे. तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्याच्या पुढं जी झूम लेन्स होती ती आमच्या चहाच्या थर्मासएवढी होती आणि फिरवली की आणखी चार बोटं बाहेर यायची. "लहान कुठून?" एवढंच विचारून ती भाजी निवडायला बसली.

पहिला फोटो सोजरामावशीचा काढायचा हे मी आधीच ठरवलं होतं. मावशीनं ऐंशी कधीच ओलांडली. हिर्डोशीच्या अलीकडे एसटीतून उतरून पाऊण तास चढ चढलं की गायमाळवाडी लागते. तिथं ती आपल्या मुलाकडे, मानसिंगकडे राहते. तिचा एकुलता एक फोटो आधार कार्डावर आहे आणि त्यात ती काहीतरी कबूल करायला लावल्यासारखी दिसते. बाकी आमच्या घराण्यातल्या चार लग्नांचे आल्बम मी तपासले. मावशी प्रत्येक लग्नाला हजर होती, पण फोटोत कुठं खांबामागं आहे, कुठं पंगतीत वाकलेली पाठ आहे, एका ठिकाणी तर फक्त तिचा हात आणि वरणाचं पातेलं आहे.

तर मी कॅमेरा घेऊन गेलो. मावशी चुलीपुढं बसली होती. मी थर्मास बाहेर काढून तिच्यावर रोखला. तिनं वर पाहिलं, म्हणाली, "बंदुकीवानी काय धरलंस माज्यावर?" आणि पदर तोंडावर ओढला. मी अकरा फोटो काढले. अकराही पदराचे. स्वयंपाकघर अंधारं असल्यामुळे त्यातले नऊ हललेले आले. उरलेल्या दोनांत मात्र पदर फार स्पष्ट आला होता.

एसटीतून परत येताना मी विचार केला. गणिताच्या माणसाला अपयश आलं की तो आधी काय दिलं आहे आणि काय शोधायचं आहे ते लिहून काढतो. मी तिकिटाच्या मागं लिहिलं : लेन्स अशी हवी की जी पाहून मावशी घाबरणार नाही, म्हणजे लहान. अंधारातही काम करेल अशी, म्हणजे जिचा डोळा मोठा उघडतो अशी. या दोन्ही गोष्टी झूम लेन्समध्ये एकत्र परवडत नाहीत. त्या मिळतात प्राइम लेन्समध्ये. प्राइम लेन्सचा आकडा एकच असतो, ती पुढं-मागं होत नाही. आकडा लहान तर समोरचं जास्त मावतं, आकडा मोठा तर कमी मावतं पण जवळचं दिसतं. माझ्या कॅमेऱ्याला पस्तीसची लेन्स लावली तर साधारण आपल्या डोळ्याला जेवढं नीट दिसतं तेवढं दिसतं. पन्नासची लावली तर त्याहून अरुंद, पण चेहरा असा येतो की बघत राहावं. दोन्ही सुपारीच्या डबीएवढ्या. प्रश्न एवढाच उरला होता, पन्नास की पस्तीस. भोरला उतरेपर्यंत सुटेल असं मला वाटलं होतं. त्याला महिना लागला आणि एक ग्रामसभा लागली.

पहिला सल्ला माऊली धुमाळांचा. हे आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं कर्ण्यावरून गाड्या पुकारल्यामुळे त्यांचा साधा आवाजही तीन फलाटांना पुरतो. मी काय शोधतोय ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, की सगळ्या नोकरीत मोठी गाडी सोडून लहान गाडी मागणारा प्रवासी त्यांनी पाहिला नाही. मी सांगितलं की या लेन्सला झूम नसतं, जवळचं हवं असेल तर आपण पुढं जायचं, लांबचं हवं असेल तर आपण मागं यायचं.

"म्हणजे गाडी उभी आणि प्रवासी धावणार," माऊली म्हणाले.



मग मी प्रयोग केला. थर्मासच्या फिरत्या कड्यावर काळी चिकटपट्टी लावून तो पस्तीसच्या आकड्यावर घट्ट बसवला आणि आठवडाभर तसाच वापरला. पुढचा आठवडा पन्नासवर. पस्तीसच्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या रत्नाचा फोटो मी फ्रिजला टेकून काढू शकलो. रत्ना आली, ओटा आला, कुकर आला. पन्नासच्या आठवड्यात तेवढंच सगळं मावावं म्हणून मी मागं सरकत स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून दारात आणि दारातून जिन्यावर गेलो आणि माझी पाठ माऊलींच्या बेलवर टेकली. माऊलींनी दार उघडलं. मला पाठमोरा पाहिलं. दार पुन्हा लोटलं.

पण पन्नासनं एक घोटाळा केला. त्यात रत्नाचा एकटीचा जो फोटो आला तो इतका सुंदर आला की तिनं तो तिच्या बहिणीला पाठवला, बहिणीनं तो चार ठिकाणी पाठवला, आणि त्या दिवसापासून ती पन्नासच्या बाजूला गेली. मावशीच्या स्वयंपाकघराची अडचण सांगितली तर म्हणायची, मावशींना अंगणात बसवा. मावशीला अंगणात बसवणं म्हणजे काय हे ज्यानं मावशीला पाहिलंय त्यालाच कळेल. तिची जागा चुलीपुढं. चुलीशिवायची मावशी ही मावशीच नव्हे, असं माझं स्पष्ट मत होतं आणि ते मी तीनदा मांडलं. तिसऱ्यांदा मांडलं त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

आता बाजी शिळीमकरांकडे वळायला हवं. हे वेल्ह्याचे. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडात अजून वेल्हेच आहे. बाजी लग्नांचे फोटो काढतात. आंबवड्याच्या एका लग्नात माझी त्यांची ओळख झाली होती. त्यांच्याकडे माझ्या कॅमेऱ्याला बसणाऱ्या दोन्ही लेन्स वापरलेल्या होत्या आणि दोन्ही विकायच्या होत्या. फोनवर ते म्हणाले की घाई करा, नसरापूरची एक पार्टी मागं लागलीय, रविवारी चार वाजता येतेय. त्याच्या आत या आणि कुठली ते पक्कं करून या. आणि मग माझ्या आयुष्यातला सगळ्यात महागात पडलेला सल्ला त्यांनी दिला. म्हणाले, "सर, अंदाजानं घेऊ नका. बाई कुठं बसणार, तुम्ही कुठं उभं राहणार, ते टेप लावून मोजा."

मोजा म्हटल्यावर मला धीर निघत नाही. मी माऊलींकडून टेप मागून आणला. तो तीस मीटरचा, चामड्याच्या गोल डब्यातला, पितळी दांडीनं गुंडाळायचा होता. निवृत्त वाहतूक नियंत्रकाकडे असा टेप का असावा हे मी तेव्हा विचारलं नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, डोक्यावर टोपी घातली, बगलेत शाळेची डायरी घेतली आणि गायमाळवाडी गाठली.

भाताची मळणी चालू होती. वाडीत कुणी नव्हतं. मावशी आणि मानसिंग खळ्यावर होते. दार नुसतंच ओढलेलं. मी आत गेलो, चुलीपाशी मावशीच्या पाटावर टेपचं टोक दगडाखाली दाबलं आणि मागं सरकू लागलो. भिंतीपाशी धान्याची कणगी होती. कणगीपर्यंत बरोबर आठ फूट. मी डायरीत गणित मांडलं. आठ फुटांवरून पस्तीसमध्ये मावशी येते, चूल येते, वरचं शिंकंही येतं. पन्नासमध्ये मावशी येते आणि चूल तुटते. चूल यायला किती मागं जावं लागेल? मी टेप सोडत दारातून पडवीत गेलो. मुळात हे गणित बारा-तेरा फुटांत संपत होतं, पण पडवीत खांब आडवा येत होता, म्हणून मी अंगणात उतरलो. अंगणात तुळस आडवी आली, म्हणून बोळात आलो. बोळ ओलांडला आणि माझी पाठ समोरच्या ठकुबाईंच्या कुंपणाला लागली. तिथंच फणसाचं झाड आहे आणि साऱ्या वाडीत मोबाईलला रेंज फक्त त्या फणसाखाली येते. त्यामुळे मी तिथं पोचताक्षणी फोन वाजला. बाजी होते.

रेंज असली तरी ती काही फार नसते. त्यामुळे मी मोठ्यानं बोलत होतो. काय बोललो ते मला नंतर इतक्या लोकांनी इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता पाठ झालं आहे.

मी म्हणालो, "मोजलं. पन्नास नाही बसत. पन्नास केलं तर मावशीचं निम्मं घर जातंय. चूल तर पहिली जाते." मग म्हणालो, "पस्तीस केलं तर सगळं वाचतं." बाजी काहीतरी म्हणाले, त्यावर मी म्हणालो, "तसं पन्नासला समोरचं कुंपण काढावं लागेल." आणि शेवटी म्हणालो, "रविवारी पक्कं करू, बाजीसाहेब. रोखच देतो, हो. कागद नको."

कुंपणापलीकडे ठकुबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत बसल्या होत्या. मला त्या दिसल्या नाहीत. त्यांना टेप दिसला.

मी टेप गुंडाळला, दार ओढून घेतलं आणि दोनची एसटी पकडून भोरला आलो. मन अगदी हलकं झालं होतं. उत्तर मिळालं होतं. पस्तीस. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गाला मी विनाकारण गृहपाठ माफ केला.

बुधवारी संध्याकाळी माऊली बातमी घेऊन आले. तिकडच्या गाडीच्या ड्रायव्हरनं त्यांना सांगितली होती. माझ्या मावशीच्या वाडीतून पन्नास फुटी रस्ता जाणार होता. मोजणी झाली होती. एक उंचपुरा साहेब गॉगल लावून आला होता, कुणाला न विचारता घरात शिरला होता आणि निम्मं घर जाईल म्हणून फोनवर वरच्या साहेबाला सांगत होता. वर रोख पैशाचंही काही बोलणं झालं होतं म्हणे.

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे आणि गॉगल मी कधी लावत नाही. त्यामुळे माझ्या डोक्यात जो विचार यायला हवा होता तो आला नाही. उलट संताप आला. मी मानसिंगला फोन लावला, तो तिसऱ्या दिवशी फणसाखाली आला तेव्हा लागला. त्यानं सांगितलं की वाडीत उभी फूट पडली आहे. खालच्या आळीला पन्नास फूट हवा आहे, कारण दुधाचा टेम्पो वर येईल आणि आजारी माणूस झोळीतून खाली न्यावा लागणार नाही. वरच्या आळीची घरं जाणार, ते म्हणतात पस्तीसच्या वर एक फूट देणार नाही. दोन भावांनी एकमेकांच्या खळ्यावर जायचं बंद केलं आहे.

"आन मावशी?" मी विचारलं.

"आई काय बोलंना झालीया. नुसती चूल सारवत बसती," मानसिंग म्हणाला. "रविवारी सभा हाय भैरवनाथाच्या देवळात. तू ये दादा. आमच्यात कागदाचं कळतंय कुणाला?"

रविवारी म्हणजे बाजींचा रविवार. मी रत्नाला सांगितलं की लेन्स गेली तरी चालेल, मी जाणार. ती माझ्याकडे बघत राहिली. लग्नानंतर असं तिनं मला दोनदाच पाहिलं आहे. माऊली म्हणाले, मी गाडी काढतो, सभा उरकली की तसेच वेल्ह्याला जाऊ. रस्ताभर मी भाषणाची तयारी करत होतो आणि कॅमेऱ्याची बॅग मांडीवर होती. घर पाडतानाचे फोटो काढावे लागले तर, म्हणून.

देवळात सारी वाडी आली होती. एका बाजूला पन्नासवाले, दुसऱ्या बाजूला पस्तीसवाले, मध्ये ताणलेल्या दोरीसारखी मोकळी जागा. सरपंच मंगलताई देवाकडे पाठ होऊ नये म्हणून तिरक्या बसल्या होत्या. मावशी मागं भिंतीला टेकून होती. मी वाडीचा भाचा, त्यात शिक्षक, म्हणून पहिला मान मला मिळाला.

मी चांगलं बोललो. हे मी स्वतः सांगणं बरं नाही, पण दुसरं कुणी सांगणार नाही म्हणून सांगतो. नागरिकाचा हक्क, घराचं पावित्र्य, सगळं आलं. दोन्ही बाजूंच्या माना हलायला लागल्या. मग माझा आवाज चढला. मी म्हणालो, म्हातारं माणूस खळ्यावर असताना त्याच्या घरात शिरून चुलीला टेप लावणारा हा माणूस कोण आहे? त्याला या सभेपुढं उभा करा.

ठकुबाई उठल्या. हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"आनिक कुठं उभा करायचा?" त्या म्हणाल्या. "उभाच हाय की."

साऱ्या देवळाच्या माना माझ्याकडे वळल्या. मग ठकुबाईंनी माझं फोनवरचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. निम्मं घर. चूल पहिली. समोरचं कुंपण. बाजीसाहेब. रोख. एकेक वाक्य माझ्या अंगावर येत होतं आणि मला ते एकेक ओळखू येत होतं. माऊली माझ्या शेजारी बसले होते, ते हळूच उठून देवाच्या दर्शनाला गेले.

मी खुलासा करायला लागलो. पन्नास आणि पस्तीस हे फूट नसून मिलिमीटर आहेत, असं मी म्हणालो. वरच्या आळीतला एकजण म्हणाला, मिलिमीटरचा रस्ता कशाला कोण करंल. मी म्हणालो, रस्ता नाहीच. लेन्स आहे. मावशीचा फोटो काढायचा आहे. चूल जाते म्हणजे फोटोतून जाते. घर कापलं जातं म्हणजे कडेला कापलं जातं. बाजीसाहेब हे साहेब नाहीत, वेल्ह्याचे फोटोग्राफर आहेत. हे सगळं खरं होतं आणि बोलताना मला स्वतःलाच पटत नव्हतं.

मंगलताईंनी शांतपणे कागद मागवला. म्हणाल्या, गुर्जी, हे लेखी द्या. मग मी देवळाच्या पायरीवर बसून, पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासणारा माणूस, आयुष्यातलं पहिलं माफीपत्र लिहिलं. "मी खाली सही करणार, धनाजी पारठे, लिहून देतो की मी केलेली मोजणी ही सरकारी नसून मावशीची आहे. सदर आकडे मिलिमीटरचे असून त्यामुळे कुणाचंही घर, कुंपण अथवा चूल बाधित होत नाही." मंगलताईंनी ते मोठ्यानं वाचलं. 'बाधित' हा शब्द सगळ्यांना आवडला. वरची आळी हसायला लागली, मग खालचीही हसली. ते दोघे भाऊ पण हसले.

हसणं थांबल्यावर ठकुबाईंनी विचारलं, "म्हंजी रस्ता न्हाईच?"

त्याला मी तयार नव्हतो. त्या गुडघा धरून उभ्या होत्या. एवढे दिवस त्या कुंपण जाणार म्हणून भांडत होत्या, असं मानसिंगनं मला सांगितलं होतं. आता सगळ्यांचे चेहरे पाहिले तर वरच्या आळीचेही पडलेले होते. घर वाचलं होतं, आणि पाऊण तासाचा चढही तसाच राहिला होता. मी मान खाली घातली.

मंगलताई मात्र उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, एवढी वाडी एका जागी बसलीय, अशी पुन्हा बसायची नाही. गुर्जींनी खोटी मोजणी केली, आता आपण खऱ्या मोजणीसाठी अर्ज करू. रुंदी किती हवी हे विचारताना त्या क्षणभर थांबल्या, आणि दोन्ही बाजूंनी एकदम आवाज आला की मिळंल तेवडी चालंल. अर्जाला चढाचे, ओढ्याचे, घसरड्या पायऱ्यांचे फोटो जोडायचे आणि ते मी काढायचे, असंही ठरलं. हा माझा दंड होता की मान होता हे मी विचारलं नाही.

मग कुणीतरी म्हणालं, दाखवा तरी तुमचं पन्नास-पस्तीस. मी थर्मास काढला. तो हातोहात साऱ्या देवळात फिरला. लोकांनी चिकटपट्टी सरकवून एकमेकांना पन्नासमध्ये पाहिलं, पस्तीसमध्ये पाहिलं. खालच्या आळीला आधीच्या सवयीनं पन्नास आवडलं. वादाला पुन्हा तोंड फुटणार असं वाटत असताना मागून मावशीचा आवाज आला.

"माज्या एका फोटूपायी एवडं?"

मी म्हणालो, होय.

"चूल कशात येती?"

"पस्तीसात."

"मंग पस्तीस आन. पर बारकं आन. ह्ये बंदुकीवानी नको."

वेल्ह्याला निघालो तेव्हा एक वाजून गेला होता. माऊलींनी गाडी अशी चालवली की तीस वर्षांत त्यांनी ज्या ज्या ड्रायव्हरला वेगाबद्दल झापलं असेल त्यांनी पाहायला हवं होतं. भोर मागं पडलं, कापूरहोळला हायवेवर पाणी प्यायलासुद्धा थांबलो नाही, नसरापुरात तर मी प्रत्येक मोटरसायकलवाल्याकडे संशयानं पाहिलं. मार्गासनीला बकऱ्यांचा कळप आडवा आला. कळपवाल्यानं हात वर करून थांबवलं आणि शंभरएक बकरी एकेक करून रस्ता ओलांडू लागली. माझ्या हातात घड्याळ होतं. माऊली म्हणाले, "सर, बकरी मोजू नका."

बाजींचा स्टुडिओ बाजारात सिमेंट-पत्र्याच्या दुकानावर आहे. जिना चढून गेलो तेव्हा साडेतीन झाले होते. बाजी खुर्चीत बसून जेवणानंतरची सुपारी कातरत होते. म्हणाले, नसरापूरची पार्टी तर अडीचलाच येऊन गेली. मी धबधब्याच्या पडद्यापुढच्या राजेशाही खुर्चीत बसलो.

"काय घेतलं त्यांनी?" माऊलींनी विचारलं.

"पन्नास," बाजी म्हणाले. "पस्तीस कुणाला लागतं सर? लग्नात लेन्स जेवढी लांब तेवढी पार्टी खूश."

त्यांनी कपाटातून एक हवाबंद डबा काढला. वेल्ह्याच्या पावसात लेन्सला बुरशी येते म्हणून त्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवलेली असते. तिच्या शेजारी माझी लेन्स होती. काळी, गोल, तळहातात मावून वर जागा उरेल अशी. थर्मास काढून मी ती कॅमेऱ्याला लावली आणि फिरवली. टिक असा अगदी बारीक आवाज आला. मला शब्दांत नीट सांगता येत नाही, पण चाळीस मुलांच्या वर्गात एखाद्या मुलाला अवघड गणित कळल्यावर त्याच्या तोंडावर जे येतं ते तेव्हा माझ्या तोंडावर असावं, कारण बाजींनी लगेच माझा फोटो काढला. माऊलींनी लेन्समधून खिडकीबाहेर पाहिलं, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "जेवढं दिसतं तेवढंच दिसतंय." मी म्हणालो, हेच तर.

पुढच्या रविवारी मी पहाटेची एसटी धरली. चढावर पंचवीस फोटो काढले. घसरडी पायरी, ओढ्यावरचं लाकूड, डोक्यावर दुधाचा कॅन घेऊन उतरणारी बाई. ठकुबाई स्वतःहून गुडघ्यासकट उभ्या राहिल्या आणि हा अर्जात पहिला लावा म्हणाल्या.

दहाच्या सुमाराला मी मावशीच्या घरात शिरलो. छपरात एक काचेचं कौल आहे, त्यातून त्या वेळी उन्हाचा एक पट्टा बरोबर चुलीपुढं उतरतो. मावशी नाचणीची भाकरी थापत होती. मी कणगीला पाठ लावून बसलो. आठ फूट. कॅमेरा माझ्या ओंजळीत होता. ती भाकरीबद्दल, मळणीबद्दल, त्या दोन भावांबद्दल बोलत होती. सोयरिकीचं काहीतरी आठवून तिला हसू आलं, तिनं हाताच्या उलट्या बाजूनं कपाळावरचे केस मागं सारले आणि मान वळवून चुलीतल्या जाळाकडे पाहिलं. मी बोट दाबलं. काही आवाज झाला नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "काड की आता. कवाधरनं बसलायस."

"काढला," मी म्हणालो.

तिचा विश्वास बसेना. मी उठून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिला दाखवला. तिनं पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि कॅमेरा हातात घेतला. घाबरली नाही. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. चुलीवर भाकरी करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. मानसिंग दारात येऊन उभा राहिला, त्यानं पुढं होऊन भाकरी उलथली.

"ही आई हाय," मावशी म्हणाली.

मानसिंगनं वाकून पाहिलं. म्हणाला, "आये, तूच हायस ती."

"मला नको सांगूस. आईचं त्वांड मला म्हाईत न्हाई व्हय?" तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती. "आस्सीच बगायची जाळाकडं. आस्सीच."

माझ्या आजीचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. मावशी पंधरा-सोळा वर्षांची असताना ती गेली, त्यानंतर तो चेहरा कुणालाच दिसला नव्हता. मला तर तो माहीतच नव्हता. मानसिंग उलथणं हातात धरून चुलीशेजारी बसला.

बऱ्याच वेळानं मावशीनं कॅमेरा माझ्या हातात दिला. सांडू नये अशा बेतानं, दोन्ही हातांनी. मग तिनं पाट जरा पुढं उन्हाच्या पट्ट्यात ओढून घेतला, केसांवरून हात फिरवला, पदर नीट खांद्यावर घेतला आणि सरळ लेन्सकडे पाहिलं.

"त्यो आईचा झाला," ती म्हणाली. "आता माजा काड."